मुहन्नाची रोहिणी

माझे सासरे मुहन्ना बिन खलफान यांना चोवीस ताऱ्यांची नावं पाठ होती आणि स्वतःच्या नातवंडांची कधी धड आठवायची नाहीत. "तो मधला", "ती रडकी" असं काहीतरी म्हणून वेळ मारून न्यायचे. सिदैरा गावात त्याबद्दल त्यांना कुणी हसत नसे. गावाचं पोट नातवंडांवर नव्हतं, ताऱ्यांवर होतं.

गाव पाटाच्या पाण्यावर जगतं. डोंगराच्या पोटातून बोगद्यानं आणलेलं एवढंसं पाणी, आणि त्यावर साठ-पासष्ट घरांचा हक्क. दहा दिवसांतून एकदा पाळी येते. दिवसा पाळी मोजायला मशिदीमागे एक काठी रोवलेली आहे, तिच्या सावलीवर भागतं. सूर्य बुडाला की काठीचं काम संपलं, मग तारे. पूर्वेच्या डोंगरावर कृत्तिका आल्या की एकाचं पाणी सुरू. रोहिणी आली की त्यानं पाटाचं दारं दगड-मातीनं बांधायचं आणि पुढच्यानं मोडून आपल्या वाफ्यात घ्यायचं. मृगाचा खांदा दिसला की तिसऱ्याची पाळी. आणि तारा आला की नाही हे सांगणारा माणूस गावात एकच, त्याला 'जाणता' म्हणतात. तीस वर्षं आमच्या घरात ते काम होतं.

मशिदीच्या भिंतीखाली एक दगडी बैठक आहे. सूर्य बुडाल्यावरची मगरिबची नमाज झाली की काका तिथे बसायचे, तोंड डोंगराकडे. (सासऱ्याला आमच्यात काकाच म्हणतात.) तारा डोंगराच्या कडेवर टेकला की ते उभं राहून हाक द्यायचे. हाक गेली की वाद मिटला. शेजारी शेजाऱ्याशी वर्षभर भांडेल, पण त्या हाकेशी कुणी भांडलेलं मी पाहिलं नव्हतं. काळ्या दगडावरची रेघ.

मी मूळची डोंगरातली नाही, किनाऱ्यावरच्या सूरची. माझा बाप नाखवा, झांजिबारला गलबतं न्यायचा. आकाश मी त्याच्याकडून शिकले आणि त्याचा पहिला धडा असा होता की जो लुकलुकत नाही त्याच्या भरवशावर गलबत सोडायचं नाही. तो आज इथे, महिन्यानं भलतीकडे. पाहुणा तो, मुक्काम त्याचा नव्हे. पाचही ग्रहांना बाप नावानिशी शिव्या द्यायचा, म्हणून ते मला चांगले लक्षात राहिले.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी काकांना विचारलं होतं, "इकडे गुरू-मंगळाला काय म्हणतात?"

"कुणाला?"

"फिरत्या ताऱ्यांना."

"काहीच म्हणत नाही," काका म्हणाले. "ज्याला स्वतःचं घर नाही, तो दुसऱ्याच्या पाण्याची वेळ काय सांगणार?"

मला तेव्हाही याचं नवल वाटलं होतं आणि आज सत्तरी गाठली तरी वाटतं. माणूस जन्मभर आकाशाकडे बघत बसतो, आणि तिथल्या सगळ्यात झगझगीत चार-पाच दिव्यांकडे बघतच नाही. रस्त्यानं अनोळखी माणूस गेला तर जशी मान फिरवतात, तशी ते शुक्रावरून नजर फिरवायचे.

माझा नवरा तेव्हा कुवेतला कामाला होता. संध्याकाळी मी गच्चीवर लसूणघासाच्या पेंढ्या बांधत बसायची. घर मशिदीला लागूनच, गच्ची बरोबर काकांच्या बैठकीच्या वर. ते खालूनच विचारायचे, "पोरी, कृत्तिका कशा दिसतात आज?"

"सहा स्वच्छ, सातवी जरा लाजते, काका."

"बरं." आणि मग त्यांची हाक जायची. मला हे फार आवडायचं. परक्या गावातून आलेल्या सुनेला सासरा रोज काहीतरी विचारतो, हे काय कमी आहे? कृत्तिका मोजल्या की मी खाली चुलीपाशी जायची, पुढचं आकाश बघायला मला सवड नसे.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला वाळवंटाकडून धुरळा आला आणि दोन आठवडे हललाच नाही. दिवस पिवळे, रात्री मळकट. आणि अशातच एके रात्री काका घरी आले ते एकदम खुशीत.

"यंदा रोहिणी काय पेटलीय," भाकरी मोडता मोडता म्हणाले. "लालभडक. एवढ्या धुरळ्यातून दिसते. तीस वर्षांत अशी बघितली नाही. खजूर उदंड येणार, लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी कहव्याच्या बैठकीत सगळे पुरुष तेच म्हणत होते. जाणता म्हणाला ना, मग प्रत्येकाला ती तशी दिसली.

चार-पाच दिवसांनी रय्या आली. रय्या बिन्त अज्जान काकांची चुलत बहीण, वयानं त्यांच्याएवढीच. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. पाच खजुरी, एक लिंबू, थोडे कांदे आणि लसूणघास, एवढ्यावर एकटीनं घर चालवलं. तिचं पाणी रोहिणीपासून मृगाच्या खांद्यापर्यंत. तिच्या आधीची पाळी जहरानची. जहरान गावातला मोठा बागाईतदार, शेजाऱ्याच्या बांधावर नेहमी अर्धा पाय.

रय्या उंबऱ्यातच उभी राहिली. "मुहन्ना, तुझी रोहिणी हल्ली उशिरा उठते. नवं लग्न झालंय का तिचं?"

काका हसले. "तुझ्या वाफ्याला उंदरानं भोक पाडलं असेल, ते बघ आधी."

"उंदीर मला ओळखतो, माझ्याकडे येत नाही. कांद्याचे दोन वाफे कोरडे राहिले परवा. वीस वर्षांत पहिल्यांदा."

"धुरळा आहे. पाणी कमी आलं असेल."

"जहरानच्या शेतात तर बदकं पोहतील एवढं आलं होतं," रय्या म्हणाली आणि गेली. मी दाराआड होते. काकांचं हसू ती गेल्यावर लगेच मावळलं, एवढं मला दिसलं.

पुढच्या पाळीला जे झालं ते साऱ्या गावानं ऐकलं. जहरानचं पाणी चालू होतं, हाक अजून गेली नव्हती, आणि रय्यानं पाटावर जाऊन दारं फिरवलं. जहराननं तिला दगड उचलताना पकडलं.

"चोर," जहरान ओरडला. "ताऱ्याच्या आधी पाणी तोडते. विधवा म्हणून गप्प बसायचं का आम्ही?"

"तारा येऊन बसलाय तुझ्या डोक्यावर, वर बघ," रय्याही काही कमी नव्हती.

"जाणत्यानं हाक दिली का?"

काकांची हाक त्यानंतर बऱ्याच वेळानं गेली.

आमच्याकडे घरात चोरी झाली तर माणूस एक दिवस रागावतो. पाण्याच्या चोरीला माफी नाही. शिक्षा अशी, की सबंध हंगाम त्याची पाळी इतरांत वाटून टाकायची. रय्याच्या खजुरी एखादा हंगाम तग धरतील, कांदा-घास आठवड्यात जळेल. आणि पुढे जन्मभर तिच्या शेजारी दारं धरायला कुणी उभं राहणार नाही, ते वेगळंच. गावचे शेख निझव्याला गेले होते. ठरलं असं, की ते आल्यावर पुढच्या शुक्रवारच्या नमाजेनंतर निवाडा करतील. मधे आठ-नऊ दिवस.

मला त्या रात्री झोप लागेना. रय्याबद्दल वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला कुतूहल खात होतं. रय्यानं तारा बघितला, काकांनीही बघितला. मग दोघांनी बघितलेला तारा एकच कसा? दुसऱ्या संध्याकाळी धुरळा थोडा निवळला होता. कृत्तिका मोजून मी खाली गेलेच नाही, चूल गेली खड्ड्यात म्हटलं आणि गच्चीवरच बसले.

बऱ्याच वेळानं डोंगरावर एक लालसर तारा आला. भोवती त्याच्या बारक्या ताऱ्यांचा कोन. आमच्याकडे म्हणतात, रोहिणी एकटी कधी येत नाही, उंटिणींची पिल्लं हाकत येते. ती पिल्लं धुरळ्यात अंधुक होती, पण होती. मी खाली बघितलं. काका बैठकीवर बसलेले, तोंड डोंगराकडे, गप्प. मला वाटलं आता उठतील, मग उठतील. उठले नाहीत. मग किती वेळानं तरी डोंगराच्या कडेवर, चार बोटं डावीकडे, दुसरा एक लाल दिवा आला. मोठा, पहिल्याच्या चौपट. त्याच्यासोबत एकही पिल्लू नाही. आणि तो लुकलुकत नव्हता, डोंगरालगत असूनही. निखाऱ्यासारखा एकटक.

काका उठले आणि त्यांनी रोहिणीची हाक दिली.

माझ्या बापानं ज्याला आयुष्यात सगळ्यात जास्त शिव्या दिल्या, तोच तो. मंगळ.

ते घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली आणि म्हणाले, "काका, रागावू नका. आज तुम्ही ज्याला हाक दिलीत तो फिरता होता."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. घास चावत राहिले. मग म्हणाले, "समुद्रावरून आलीस म्हणून आता डोंगराचे तारे शिकवणार?"

"शिकवत नाही, विचारते. कृत्तिका आणि रोहिणी यांच्यातलं अंतर कधी बदलतं का?"

"कयामतपर्यंत नाही."

"मग मोजू. कृत्तिका आल्या की मी सांगेन. तिथून तुम्ही माळ ओढायला लागा. तुमची रोहिणी येईपर्यंत किती माळा होतात ते बघा. रोज तेवढ्याच झाल्या तर मी चुकले, माझं नाक कापा. तो मंगळ असेल तर त्याला सध्या मागे चालायची लहर आलेली आहे, तो रोज थोडा आधी येईल."

"मागे कोण चालतं आकाशात?"

"तेच तर बापाला कधी कळलं नाही. पण चालतो."

ते हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांच्यातही खोड होती, सांगितलेलं तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पहिल्या संध्याकाळी माळा झाल्या अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस आणि वर काही मणी. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, आज मी माळ भराभर ओढली असेन. चौथ्या दिवशी मुद्दाम सावकाश ओढली. पाचव्या दिवशी चव्वेचाळीस. सहाव्या दिवशी त्यांनी मला काही सांगितलंच नाही, माळ खिशात टाकली आणि उपाशी झोपले.

सातव्या दिवशी संध्याकाळी ते बैठकीवर न जाता जिना चढून गच्चीवर आले. गुडघे धरत माझ्या शेजारी बसले. हाक द्यायची वेळ जवळ आलेली.

"दाखव," म्हणाले.

मी बोट केलं. "ती रोहिणी. मशिदीच्या मनोऱ्याच्या सरळ रेषेत, डोंगराच्या वर. भोवती पिल्लं."

"पिल्लं कुठेयत?"

"ती काय, कोन केलाय बघा."

ते खूप वेळ बघत राहिले. डोळे बारीक केले, तळहाताचा आडोसा केला, मान तिरकी केली. मग हात खाली आणला. "मला तिथे काही दिसत नाही, शम्सा," म्हणाले. घरात येऊन चार वर्षं झाली होती, माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "कृत्तिकाही दिसत नाहीत. तीन वर्षं झाली. तू सांगतेस त्यावर मी हाक देतो. बाकीच्या मोठ्या ताऱ्यांवर भागून जात होतं. रोहिणी गेल्या वर्षीच अंधुक झाली होती. यंदा ती अशी उजळ दिसली तेव्हा मला वाटलं, अल्लानं माझे डोळे परत दिले."

मला इतकं वाईट वाटलं की मी पेंढ्याच बांधायला लागले, अंधारात, उलट्यासुलट्या. रोज संध्याकाळी ते मला कौतुकानं विचारतात असं मी तीन वर्षं धरून चालले होते.

"आता तो आला का?" त्यांनी विचारलं.

"आला. तो बघा मोठा."

"तो दिसतो," म्हणाले. "चोर लेकाचा."

मग मी त्यांना विचारलं, शुक्रवारी काय करायचं? खरं तर मला म्हणायचं होतं, गप्प राहिलं तर काय बिघडतं. महिन्याभरात मंगळ पुढे निघून जाईल. मी वर बसून खुणा करेन. कुणाला पत्ता लागणार नाही. हे सगळं मी बोलले नाही, पण माझ्या विचारण्यात ते होतं आणि त्यांना ते कळलं.

"रय्या लहानपणी माझ्या ताटातला मासा चोरायची," ते म्हणाले. "पाणी नाही चोरणार." आणि खाली गेले.

शुक्रवारी नमाजेनंतर पाटाकाठी बोरीच्या झाडाखाली गाव बसलं. आम्ही बायका भिंतीमागे. रय्या आमच्यात नव्हती, ती भिंतीच्या पुढे, पुरुषांच्या समोर, एकटी उभी. हातात घास कापायचा विळा तसाच. मला वाटतं मुद्दामच आणला होता.

जहराननं सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. शेखांनी काकांकडे बघितलं. "मुहन्ना, तिनं दारं फिरवलं तेव्हा तुझी हाक गेली होती का?"

"नव्हती."

जहराननं दाढीवरून हात फिरवला.

"पण रोहिणी आली होती," काका म्हणाले. उभे राहिले ते काठीला धरून. "येऊन बराच वेळ झाला होता. मी ज्याला रोहिणी म्हणालो तो मंगळ होता. त्या रात्री आणि त्याच्या आधीच्या पाळीलाही. रय्यानं तिचंच पाणी घेतलं. जास्त पाणी जहरानकडे गेलं, आणि ते मी दिलं."

माणसं सगळी एकदम बोलायला लागली. माझ्या पाळीला काय झालं मग? माझ्या? हमदानची कोथिंबीर का सुकली ते आता कळलं म्हणे. हमदानची कोथिंबीर दर वर्षी सुकते.

जहरानचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "म्हणजे तीस वर्षं आम्ही आंधळ्याच्या हाकेवर दारं धरली?"

"तीस नाही," काका म्हणाले. "तीन. कृत्तिका मला तीन वर्षं दिसत नाहीत. माझी सून गच्चीवरून सांगते, मी इथून ओरडतो. रोहिणी तिला विचारली नाही, म्हणून चुकलो."

भिंतीमागच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी पदर तोंडावर ओढला, पण कान झाकले नाहीत.

"झालं तर मग," जहरान म्हणाला. "माझ्या भावानं बहारीनहून घड्याळ आणलंय. मशिदीत लावा. घड्याळाला मंगळ नाही आणि मोतीबिंदू नाही."

बऱ्याच माना हलल्या. खरं सांगायचं तर मलाही त्यात चूक दिसली नाही. काका खाली बसले आणि काठी आडवी मांडीवर घेतली, काम संपलेल्या माणसासारखी.

तेव्हा रय्या बोलली. शेखांना नाही, जहरानलाच. "घड्याळ चुकत नाही का रे?"

"किल्ली दिली नाही तर चुकतं."

"आणि चुकलं की ते असं काठी धरून उभं राहून सांगतं का, की मी चुकलो, बाईचा दोष नाही?"

जहरान मान वळवून पाटाकडे बघायला लागला.

"सांगत असेल तर लावा," रय्या म्हणाली. "नसेल तर माझं पाणी मुहन्नाच्या हाकेवर. डोळे गेलेत त्याचे, जीभ नाही गेली."

शेख कधी नव्हे ते हसले. निवाडा मग अगदी थोडक्यात झाला. रय्यावर डाग नाही. तिचं गेलेलं पाणी जहराननं पुढच्या दोन पाळ्यांत भरून द्यायचं. हाक मुहन्नाचीच राहील. "आणि बघणारी?" कुणीतरी विचारलं. शेख भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला विचारा, ती करेल का. आजवर कुणी विचारलं नाही तिला."

मी हो म्हणाले की नाही ते मला आठवत नाही. शेजारणीनं कोपर मारलं, आणि तोच माझा होकार धरून गोष्ट पुढे गेली.

रय्याची पुढची पाळी आली त्या संध्याकाळी पुन्हा धुरळा. मंगळ आता रोहिणीच्या इतका जवळ सरकला होता की डोंगरावर एकच लाल ठिपका आला, आणि तो दोघांपैकी कोण हे ओळखायचं होतं. खाली पाटावर जहरान दाराशी उभा, पलीकडे रय्या. दोघांच्याही माना आमच्या गच्चीकडे. इतकी वर्षं तारे बघितले, पण माझ्या शब्दावर कुणाचं पाणी कधी वळलं नव्हतं.

"शम्सा," काकांनी खालून विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आली का?"

"थांबा," मी म्हणाले. "पिल्लं दिसेनात."

ते थांबले. जहरान चुळबुळला, पण तोही थांबला. मग वाऱ्यानं धुरळा जरासा फाटला. लाल ठिपका लुकलुकत होता, आणि त्याच्या उजव्या अंगाला एक, वर दोन, असे बारके कण उगवले.

"आली," मी म्हणाले.

काका काठी टेकून उठले आणि त्यांनी हाक दिली. जहराननं वाकून दगड लावले, आपलं दारं बांधलं, आणि रय्याला वाट करून देत एक पाऊल मागे सरला.